दुखतंय, पण दिसत नाही

आमच्या आईचं काही ना काही दुखतच असायचं. सकाळी मान, दुपारी पोटऱ्या, दिवेलागणीला दोन्ही खांदे. पाठीला निर्गुडीचा शेक, कपाळाला सुंठेचा लेप आणि उशाशी नारायण तेलाची बाटली, असंच तिचं रूप माझ्या डोळ्यांपुढे येतं. आम्ही भावंडं तिची नक्कल करायचो. “आज बुधवार ना? मग आज गुडघे!” असं धाकटा भाऊ म्हणायचा आणि आम्ही खो-खो हसायचो. आईसुद्धा हसायची. वडील मात्र वैतागायचे. “डॉक्टर म्हणतात काही नाही, मग हिला होतंय तरी काय?” हा त्यांचा ठरलेला प्रश्न. आई जाऊन आता बावीस वर्षं झाली. त्या प्रश्नाकडे मी पहिल्यांदा नीट बघितलं ते वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, माझं स्वतःचं अंग ठणकायला लागलं तेव्हा.

मी सोलापूरच्या एका शाळेत एकतीस वर्षं लहान मुलांना शिकवलं. २०१७ साली सासूबाई घरात पडल्या, मांडीचं हाड मोडलं आणि पुढचे चौदा महिने त्या अंथरुणालाच खिळल्या. दिवसा शाळा आणि रात्री त्यांच्या उशाशी, असं माझं चाललं होतं. एका रात्रीत चार-चार वेळा उठायचं. त्यांचं सगळं आमच्या हातून नीट झालं, याचं समाधान आहे. पण त्या गेल्या आणि दोनेक महिन्यांत माझं शरीर कुरकुरायला लागलं.

आधी उजवा खांदा. फळ्यावर लिहायला हात वर केला की कळ यायची. मग डावा. मग मान, पाठ, कंबर, मांड्या. धुणं पिळवेना. भाकरी थापताना मनगटं भरून यायची. नातवाने लाडाने मांडीवर उडी घेतली तर डोळ्यांत टचकन पाणी यायचं आणि तो बिचारा घाबरून आईकडे पळायचा. आठ तास अंथरुणात पडून सकाळी उठावं, तर रात्रभर कुणीतरी काठीने झोडपल्यासारखं वाटायचं. ज्या मुलांची नावं मला हजेरीपत्रकाशिवाय पाठ होती, ती आठवेनात. हे सर्वांत जास्त भीतीचं होतं.

फाइल जाड झाली

मग सुरू झाली दवाखान्यांची वारी. हाडांचे डॉक्टर झाले, मेंदूचे झाले, पोटाचेही झाले. थायरॉईड, साखर, व्हिटॅमिन डी, बी-१२, संधिवाताच्या रक्ततपासण्या, मानेचा एक्स-रे, कमरेचा एमआरआय. फाइल जाड होत गेली आणि प्रत्येक कागदावर एकच शेरा : नॉर्मल. एक डॉक्टर तर हसून म्हणाले, “बाई, पेढे वाटा. तुम्हाला काहीही झालेलं नाही.” दुसऱ्यांनी माझ्याकडे न बघता ह्यांना सांगितलं, “या वयात बायकांना असं होतं. त्यांचं मन रमवा.”

‘नॉर्मल’ या शब्दाने रडू येणारी मी काही पहिलीच नसेन. लोकांना वाटतं, रिपोर्ट चांगला आला की रुग्णाला आनंद होतो. पण दुखणाऱ्या माणसाच्या हातात चांगला रिपोर्ट पडला, की त्याच्या बाजूने बोलणारा शेवटचा साक्षीदारही फिरलेला असतो. घरचेही हळूहळू बदलतात. तोंडाने कुणी काही म्हणत नाही. पण “आता काय दुखतंय?” या प्रश्नातला ‘आता’ थोडा लांबतो. तो लांबलेला ‘आता’ मी ओळखला, कारण आईशी बोलताना मीही तसाच लांबवत असे.

आवाज वाढवलेला रेडिओ

अखेर मुलाने हट्टाने पुण्याला नेलं, एका संधिवाततज्ज्ञांकडे. त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि आधी झोपेबद्दल विचारलं. मग मानेपासून गुडघ्यापर्यंत बोटाने जागा दाबून पाहिल्या. प्रत्येक ठिकाणी मी कळवळले. ते म्हणाले, “याला फायब्रोमायाल्जिया म्हणतात. तुमचं दुखणं खरं आहे.” दुसरं वाक्य ऐकून मी तिथेच रडले. ह्यांनी खिशातून रुमाल काढून दिला आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसले.

हा आजार तसा दुर्मीळ नाही. शंभर माणसांत साधारण दोन ते चार जणांना तो असतो आणि त्यांत बायका जास्त. १९९० साली अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने त्याची पहिली ठाम ओळख ठरवली : निदान तीन महिने अंगभर दुखणं आणि शरीरावरच्या ठरावीक १८ जागांपैकी ११ जागी दाबल्यावर वेदना. २०१० मध्ये हे निकष बदलले. आता जागा मोजण्यापेक्षा किती भागांत दुखतं, झोप कशी आहे, थकवा किती, विसरायला होतं का, याला महत्त्व आलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत अशा दीर्घकाळच्या अंगभर दुखण्याला स्वतःची नोंद आहे.

दुखतं का, हे डॉक्टरांनी मला रेडिओच्या उदाहरणाने सांगितलं. स्नायूत, सांध्यात बिघाड नसतो. बिघाड असतो तो आवाजाच्या बटणात. मज्जारज्जू आणि मेंदू मिळून वेदनेचा आवाज कमी-जास्त करत असतात. ते बटण वरच अडकलं, तर साधा स्पर्शही किंकाळीसारखा ऐकू येतो. २००२ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. फायब्रोमायाल्जियाचे १६ रुग्ण आणि १६ निरोगी माणसं घेऊन त्यांच्या अंगठ्याच्या नखावर दाब दिला आणि त्याच वेळी मेंदूचं चित्र घेतलं. निरोगी माणसाला जो दाब जेमतेम जाणवत होता, तेवढ्याच दाबाने रुग्णांच्या मेंदूतले वेदनेचे भाग उजळून निघाले. म्हणजे ती माणसं नाटक करत नव्हती.

झोपेचंही तसंच. टोरांटोच्या मोल्डॉफ्स्की या संशोधकांनी १९७५ मध्ये धडधाकट तरुणांची गाढ झोप काही रात्री मुद्दाम मोडली, तर त्यांचं अंग असंच दुखायला लागलं. हे वाचलं तेव्हा मला सासूबाईंच्या उशाशी काढलेल्या रात्री आठवल्या. एवढ्यानेच हा आजार होतो असं नाही, पण त्याला वाट करून द्यायला तेवढं पुरत असावं.

डॉक्टरांनी रात्री घ्यायची एक छोटी गोळी दिली आणि वर लिहिलं : रोज चाला. मी मनात म्हटलं, चालवलं असतं तर तुमच्यापर्यंत कशाला आले असते?

दोन दवाखाने

गोळीने झोप थोडी सुधारली. दुखणं तसंच होतं. अशात माझ्या नणंदेने ॲक्युपंक्चरचं नाव काढलं. “वहिनी, माझ्या जावेला गुण आला. एकदा बघा तरी.” ह्यांनी आयुष्यभर हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवलेलं. त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं, चष्म्यावरून बघितलं आणि पुन्हा वर केलं. हा त्यांचा नकार. पण बुडत्याला काडीचा आधार, तसा मला सुईचा.

पहिल्या ठिकाणी स्वागतकक्षातच ‘शंभर टक्के गुण’ अशी पाटी होती. तिथल्या गृहस्थांनी मला दोन मिनिटं बघितलं आणि तीस वेळांचं पॅकेज सांगितलं. पैसे आगाऊ. शिवाय, “त्या इंग्रजी गोळ्या आजपासून बंद. त्यांच्यामुळेच विष साठलंय.” तुम्हाला खोटं वाटेल, पण मी त्याच संध्याकाळी कपाटातल्या पाटल्या काढून हातात घेऊन बसले होते. दुखणारा माणूस काय विकायला निघेल याचा नेम नसतो. ह्यांनी ते पाहिलं. एरवी रागावले असते. त्या दिवशी एवढंच म्हणाले, “अगं, सुया टोचून घ्यायच्या तर घे. पण जो गोळी बंद करायला सांगतो आणि पैसे आधी मागतो, त्याच्याकडे नको.”

दुसरा दवाखाना साधा होता. डॉक्टर मॅडम मूळच्या एमबीबीएस, साठीच्या. त्यांनी पाऊण तास माझं ऐकलं. गोळी चालूच ठेवायची, म्हणाल्या. “सहा वेळा करून बघू. फरक नाही पडला तर मीच तुम्हाला येऊ नका म्हणेन.” एका वेळचे चारशे रुपये.

सुईची भीती मला होतीच. पण ही सुई इंजेक्शनची नव्हे. ती पोकळ नसते, त्यातून औषध जात नाही आणि जाडी जेमतेम पाव मिलिमीटर. पायाला गुडघ्याखाली, हाताच्या अंगठ्याजवळच्या फुगीर भागात, मानेशी, पाठीला अशा बारा-चौदा सुया लावल्या. टोचताना मुंगी चावल्यासारखं होतं. मग त्या सुई हलकेच फिरवायच्या आणि आत खोलवर जड, बधिर असं काहीतरी पसरायचं. चिनी वैद्यकात त्याला ‘दे-छी’ म्हणतात, म्हणजे ‘छी’ ही प्राणशक्ती सुईला येऊन मिळाली असं ते मानतात. मॅडम म्हणाल्या, “छी मला कुणी दाखवलेली नाही. पण ही जड झाल्याची जाणीव बहुतेकांना होते, एवढं मी बघते.” वीस-पंचवीस मिनिटं तसंच पडून राहायचं. पहिल्याच दिवशी मला तिथे झोप लागली आणि घोरल्याचं परिचारिकेने नंतर सांगितलं.

सहा वेळा झाल्यावर दहापैकी आठावर असलेलं दुखणं पाचावर आलं होतं. मी धुणं पिळलं. दोरीवर ओळीने वाळत घातलेले टॉवेल बघून मला पारितोषिक मिळाल्यासारखं वाटलं.

भिंतीवरचे डॉ. कोटणीस

त्या दवाखान्याच्या भिंतीवर डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा फोटो होता. सोलापूरकरांना त्यांची ओळख करून द्यायला नको. भैय्या चौकात त्यांचं स्मारक आहे आणि शांतारामबापूंचा १९४६ चा चित्रपट आमच्या आधीच्या पिढीने डोळे पुसत पाहिला. पुष्कळांचा समज असा, की कोटणीसांनी ॲक्युपंक्चर भारतात आणलं. लुधियानात तर त्यांच्या नावाने ॲक्युपंक्चरचं रुग्णालयही आहे. पण खरी गोष्ट वेगळी. १९३८ मध्ये चीनच्या मदतीला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांत ते होते, ते शल्यविशारद होते आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. त्याच पथकातले कोलकात्याचे डॉ. बिजॉयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि १९५९ मध्ये त्यांनी ती कोलकात्यात सुरू केली. आपल्या सहकाऱ्याची आठवण त्यांनी जपली म्हणून सुया आणि कोटणीस हे नातं जुळलं.

अशीच एक दंतकथा अमेरिकेची. जेम्स रेस्टन हे ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे नामवंत पत्रकार १९७१ च्या जुलैत चीनमध्ये होते. तिथे त्यांचं अपेंडिक्स काढावं लागलं. त्यांनी त्यावर लेख लिहिला आणि अमेरिकेत ॲक्युपंक्चरची लाट आली. सुया टोचून भूल दिली आणि पोट फाडलं, असं आजही सांगितलं जातं. प्रत्यक्षात शस्त्रक्रिया भुलीचं नेहमीचं इंजेक्शन देऊन झाली होती. सुया लावल्या त्या नंतर, पोटातला त्रास कमी करण्यासाठी. चमत्काराच्या गोष्टी अशा वाटेत वाढत जातात. माझ्या बाबतीत तसं होऊ नये, म्हणून ह्यांनी वही काढली.

ह्यांची शाळा

मुलाने पुण्याहून शोधनिबंध छापून पाठवले. ह्यांनी आठ दिवस ते वाचले आणि एका रविवारी, चहा झाल्यावर, मला समोर बसवून वहीत तीन चौकोन काढले. पहिल्यात लिहिलं ‘काहीच नाही’, दुसऱ्यात ‘नकली सुई’, तिसऱ्यात ‘खरी सुई’.

नकली सुई हा प्रकार मला ठाऊकच नव्हता. औषधाच्या परीक्षेत काही जणांना साखरेची गोळी देतात, तसंच हे. सुई भलत्याच जागी टोचायची, किंवा टोचल्याचा नुसता भास करायचा. अमेरिकेत २००९ साली पाठदुखीच्या ६३८ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत तर नळीतून चक्क दात कोरायची काडी टेकवली होती.

“आता बघ,” हे म्हणाले. “२०१३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने फायब्रोमायाल्जियावरच्या ९ चाचण्या एकत्र तपासल्या. एकूण ३९५ रुग्ण. सुया घेतलेल्यांना, काहीच न घेतलेल्यांपेक्षा बरं वाटलं. दुखणं कमी, आखडणं कमी. म्हणजे तिसरा चौकोन पहिल्यापेक्षा चांगला. पण नकली सुईशी तुलना केली, तर दुखण्यात फारसा फरक सापडला नाही.” सिएटलची २००५ ची चाचणीही तेच सांगत होती : १०० रुग्ण, बारा आठवडे, खऱ्या-खोट्या दोन्ही सुयांचा गुण सारखाच. उलट बाजूला स्पेनमधली २०१६ ची चाचणी. तिथे प्रत्येक रुग्णाची प्रकृती बघून सुया दिल्या, तेव्हा दहा आठवड्यांनी खऱ्या सुयांच्या गटाचं दुखणं ४१ टक्क्यांनी उतरलं, नकली गटाचं २७ टक्क्यांनी. वर्षभराने हेच आकडे २० आणि ६ वर आले होते.

मी विचारलं, “म्हणजे काडी टेकवली असती तरी मला बरं वाटलं असतं?”

“बहुधा, बऱ्याच अंशी,” हे म्हणाले.

“म्हणजे मी फसले?”

त्यांनी उत्तर दिलं नाही. दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. तुम्ही म्हणाल, एवढं काय झालं? पण माझ्या जागी बसून बघा. दोन वर्षं मला सांगत होते, दुखणं तुझ्या मनाचं. आता बरं वाटायला लागलं, तर तेही मनाचंच? माझं स्वतःचं, खरं, असं काही शिल्लक राहणार होतं की नाही?

तिसऱ्या दिवशी ह्यांनीच एक कागद माझ्यापुढे सरकवला. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचं २००९ चं काम. फायब्रोमायाल्जिया असलेल्या २० बायका, अर्ध्यांना खऱ्या सुया, अर्ध्यांना नकली. मेंदूत शरीराची स्वतःची अफूसारखी वेदनाशामकं ज्या जागी जाऊन चिकटतात, त्या जागांचं चित्र घेतलं. दुखणं दोन्ही गटांचं जवळपास सारखंच कमी झालं. पण त्या जागांमधला बदल दिसला तो फक्त खऱ्या सुयांच्या गटात. “वीसच बायका आहेत, फार मोठा निष्कर्ष काढता येणार नाही,” हे म्हणाले. “पण एक तर दिसतं. वाटा दोन असतील, तरी दुखणं दोन्हीकडे खरोखरच उतरलं. वेदना मेंदूत तयार होते, म्हणून ती खोटी ठरत नाही. मग ती मेंदूतूनच उतरली, तर ते उतरणं खोटं कसं?”

इतकी वर्षं संसार केला, पण माझ्या बाजूने इतकं वाचन करून हे पहिल्यांदाच बोलले होते. मी चहा टाकायला उठले.

गुण कशाचा?

तरी हा प्रश्न मी डॉक्टर मॅडमनाही विचारलाच. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “बाई, पहिल्या दिवशी तुम्ही तीन मिनिटं बोलून थांबलात. सवय होती, डॉक्टर मध्येच तोडणार म्हणून. मी म्हटलं, अजून सांगा, तेव्हा तुम्ही रडलात. मग सुया. मग अंधाऱ्या खोलीत अर्धा तास, जिथे तुम्हाला कुणी हाक मारणार नाही. यातलं किती सुईचं आणि किती बाकीचं, ते मला वेगळं करून दाखवता येणार नाही. पण तुमच्या हातात आता थोडे दिवस आहेत. या दिवसांत चालायला लागलात तर उपयोग. नाहीतर पुन्हा माझ्याकडे याल आणि मी पैसे घेत राहीन.”

हेच मला पुढे जाणत्या लोकांच्या शिफारशींत सापडलं. युरोपच्या संधिवाततज्ज्ञांनी २०१७ मध्ये फायब्रोमायाल्जियाचे सगळे उपचार तपासले, तेव्हा त्यांनी ठाम शिफारस केली ती एकाच गोष्टीची, व्यायामाची. ॲक्युपंक्चरला दुय्यम, सौम्य पसंती. ब्रिटनच्या ‘नाइस’ या सरकारी संस्थेने एप्रिल २०२१ मध्ये अशा दुखण्यासाठी व्यायाम, समुपदेशन आणि नैराश्यावरच्या काही औषधांच्या जोडीने ॲक्युपंक्चरचा विचार करावा असं म्हटलं, पण एकच कोर्स आणि त्यात उपचारकाचा एकूण वेळ पाच तासांपेक्षा जास्त नको. साध्या वेदनाशामक गोळ्या मात्र या दुखण्यासाठी सुरूच करू नयेत असं त्यांनी सांगितलं. मी आजवर किती गिळल्या असतील!

मी एकूण बारा वेळा गेले आणि थांबले. पहिल्या दिवशी सिद्धेश्वर तलावाच्या काठाने सात मिनिटं चालले. दर आठवड्याला दोन मिनिटं वाढवायची, असा नेम. बरं वाटलं म्हणून एकदा दिवाळीआधी सगळं घर धुऊन काढलं आणि चार दिवस उठले नाही. तेव्हा कळलं, चांगल्या दिवशीही हात राखून काम करायचं असतं. आता रोज पस्तीस मिनिटं चालते. दुखणं गेलेलं नाही. बहुतेक दिवशी ते चारावर असतं, थंडीत आणि जागरणानंतर सातावर जातं. मधल्या दोन वाईट महिन्यांत पुन्हा सुया घेतल्या. थोडा गुण आला, पहिल्याइतका नाही.

दवाखान्यात एक बाई भेटायच्या. पूर्व भागातल्या, तेलुगू घरच्या, विड्या वळणाऱ्या. दिवसाला हजार विडी, मान खाली घालून. त्यांचंही अंगभर दुखायचं. मॅडम त्यांच्याकडून निम्मेच पैसे घ्यायच्या. माझा विचार चालू होता सुई खरी की खोटी याचा, तर त्या मला म्हणाल्या, “अक्का, मला सुई नको, गोळी नको. आठ दिवस सुट्टी द्या म्हणावं, बघा कशी बरी होते!” हसत म्हणाल्या, पण त्यात खोट नव्हती. पुढे त्या यायच्या बंद झाल्या. एका खेपेला दोनशे रुपये आणि अर्धा दिवस बुडणं त्यांना परवडत नव्हतं. मला सुट्टी घेता आली, मला ऐकून घेणारे डॉक्टर मिळाले, वही काढून बसणारा नवरा मिळाला. या सगळ्याचं श्रेय एकट्या सुईला देणं बरं नाही.

घरातल्यांसाठी चार शब्द

हे वाचून कुणी सुया घ्यायचं ठरवलं, तर आधी निदान करून घ्या. अंगदुखीबरोबर ताप येत असेल, वजन घटत असेल, सांधे सुजत असतील, हातापायातली शक्ती जात असेल, तर सुयांत वेळ घालवू नका. चालू औषधं आपल्या मनाने बंद करू नका. सुया नव्या, सीलबंद पाकिटातल्या, तुमच्यासमोर उघडून वापरून टाकून देण्याच्या असाव्यात, कारण दूषित सुयांतून कावीळ पसरल्याचे दाखले आहेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. जाणत्या हातात हा उपचार बराच सुरक्षित आहे. ब्रिटनमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ३४,४०७ उपचारांत एकही गंभीर अपाय नोंदला गेला नव्हता. पण अडाणी हाताने छातीत खोल टोचलेली सुई फुप्फुसाला लागू शकते. केंद्र सरकारने २०१९ मध्ये या पद्धतीला स्वतंत्र मान्यता दिली आहे आणि महाराष्ट्रात नोंदणीसाठी कायदाही आहे, तेव्हा नोंदणी विचारायला संकोच करू नका. जो शंभर टक्क्यांची भाषा करतो, त्याच्या दारातून परत फिरा. पाटल्या कपाटातच राहू द्या.

आणि ज्यांचं दुखत नाही, त्यांना एक विनंती. गेल्या महिन्यात धाकट्या भावाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलणं झाल्यावर तो थोडा थांबला आणि म्हणाला, “ताई, आईलापण हेच असेल का गं?”

मी म्हटलं, “आता कसं सांगायचं? तिला कुणी तपासलंच नाही.”

पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. बुधवारचा विनोद त्यालाही आठवत असणार. आईला कोणता आजार होता ते आता कळायचं नाही. सुया मिळाल्या असत्या तर गुण आला असता का, तेही नाही. पण ती संध्याकाळी खांदे चोळत बसायची तेव्हा तिच्याजवळ बसून, ‘कुठे दुखतंय? दाखव बघू,’ एवढं म्हणायला कुठलंच शास्त्र लागत नव्हतं. तेलाची बाटली हाताशीच होती.